आधी काय, नंतर काय

घरातून निघताना पहिला प्रश्न हाच:
पट्टा आधी, की पाठपिशवी आधी?

आरशापुढं दोन्ही करून बघितलं.
पट्टा आधी, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत,
वरून पिशवी:
कॅमेरा उचलला की खांद्यावरचा फोम गोळा होऊन
गळ्याशी येतो.
पिशवी आधी, पट्टा वरून:
तर पाणी प्यायला पिशवी काढायची म्हटलं
की कॅमेरा कुणाच्या तरी हातात द्यावा लागतो,
आणि दंडोबाच्या डोंगरावर पहाटे सहाला
हात कुणाचा असणार.

(आतला तिसरा पट्टा मी मोजलेला नाही.
त्याच्याबद्दल माहितीपुस्तकात काही लिहिलेलं नसतं.)

त्या रविवारी दुसऱ्या वळणावर, वठलेल्या हिवरावर
शिक्रा बसला होता.
नखांत सरडा,
सरड्याची शेपूट अजून हलणारी.
मी कॅमेरा ओढला.
पट्टा पिशवीच्या छातीवरच्या बक्कलात,
बक्कल पट्ट्याच्या कडीत.
माझीच मला मिठी बसल्यासारखी मी उभी,
एक कोपर हवेत.
त्यानं माझ्याकडं एकदा मान वळवून पाहिलं
आणि न्याहारी घेऊन
भोसे गावाच्या बाजूला उतरून गेला.

मिरजेत बाबालाल मुल्लाणी गवसण्या शिवतात.
तंबोऱ्याच्या, सतारीच्या, एकदा म्हणे
कुणाच्या तरी म्हाताऱ्या हार्मोनियमची.
"कॅमेऱ्याचं मला काय कळत न्हाई," म्हणाले,
"पण वजन कुठं बसतंय ते बघू."
आणि माझं सगळं ओझं स्वतःच्या अंगावर चढवलं.
पांढऱ्या दाढीखाली आडवेतिडवे पट्टे,
दुकानात चार पावलं चालले,
पडलेलं बॉबिन उचलायला वाकले,
कॅमेरा झोका घेऊन
कोपऱ्यातल्या भोपळ्यावर आपटता आपटता राहिला.
"पोरी, जे आधी लागतं ते सगळ्यात शेवटी घालायचं.
पण दमल्यावर आधी उतरायला मागती ती पिशवी.
म्हणून भांडण हाय."
"मग?"
"मग दोघांची गाठ घालायची न्हाई.
शेजार लावून द्यायचा."

पिशवीच्या डाव्या खांद्यावर
गवसणीतनं उरलेल्या चामड्याची बोटभर पट्टी,
वर टिचबटण.
पट्टा तिच्याखालून सरकतो, अडकत नाही.
बटण उघडलं की पिशवी जमिनीवर,
कॅमेरा माझ्याकडं.
चाळीस रुपये.
दोरा दातानं तोडता तोडता त्यांनी विचारलं,
"आत काय काय हाय एवढं?"
मी सांगत गेले: दोन लेन्स, त्यातली एक
दोन वर्षांत न काढलेली,
फ्लॅश, जो डोंगरावर लागत नाही,
जुन्या कॅमेऱ्याचा चार्जर, जुना कॅमेरा विकला तरी,
रेनकव्हर, लिमलेटच्या गोळ्या,
कुलदीपनं परत न मागितलेला छोटा ट्रायपॉड.
ते काही बोलले नाहीत बराच वेळ.
मग म्हणाले, "गवसणीत आम्ही तंबोराच ठेवतो."

पुढच्या रविवारी पट्टा तुपासारखा सरकला.
शिक्रा नव्हता.
रिकाम्या हिवराचे अकरा फोटो काढले,
सगळे अगदी नेमके, काट्या-काट्यावर फोकस.
पिशवीतलं मी काहीही कमी केलेलं नव्हतं.
चार्जरसुद्धा.

रात्री पाठीला बाम लावताना
सायलीचं बोट माझ्या खांद्यावरच्या वळांवर थांबलं.
तिची शाळेची सहल नुकतीच हरिपूरला जाऊन आलेली.
"ही इकडून कृष्णा," ती म्हणाली,
"ही तिकडून वारणा,
आणि हा बघ, इथं संगम."

"तिथंच दुखतंय," मी म्हटलं.
"जरा जोरात चोळ."